घरात मोठं माणूस एकच : सवयी सोडण्याच्या प्रकल्प नोंदी

१० जानेवारी, शनिवार. व्याप्ती.

आजपासून ही वही सुरू. कामाच्या ठिकाणी कुठलाही प्रकल्प हाती घेतला की आधी व्याप्ती ठरते, अडचणी लिहून काढल्या जातात, कोणी काय करायचं ते नक्की होतं. स्वतःच्या सवयींच्या बाबतीत मात्र माणूस 'उद्यापासून बंद' एवढ्यावर भागवतो. या वेळी तसं करायचं नाही.

सोडायच्या गोष्टी तीन. सिगारेट, आठवड्याच्या शेवटचं पिणं, आणि लेक झोपल्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत हातात राहणारा फोन. मुख्य काम सिगारेटचं. बाकीच्या दोन्ही तिच्याच आधाराने उभ्या आहेत असा माझा अंदाज आहे, तो खरा की खोटा ते पुढे कळेल.

सगळ्यात मोठी अडचण पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. सिगारेट सोडण्याविषयी जे जे वाचलं त्यात 'जोडीदाराला सांगून ठेवा', 'पहिले काही दिवस घरच्या जबाबदाऱ्या हलक्या करा' असं हमखास असतं. माझ्या घरी मी आणि आठ वर्षांची मुलगी. तिची आई गेल्यापासून उठवणं, आवरणं, शाळा, अभ्यास, रात्रीचा ताप, सगळं एकाच माणसाकडे आहे. जबाबदारी हलकी करायची तर द्यायची कोणाकडे? तेव्हा योजना अशी हवी, जी एका मोठ्या माणसाच्या घरात चालेल.

१४ जानेवारी, बुधवार

चार दिवस फक्त नोंद ठेवली, कमी करायचा प्रयत्न मुद्दाम केला नाही. प्रत्येक सिगारेटपुढे वेळ, जागा आणि तिच्या लगेच आधी काय घडलं ते लिहिलं.

कामावरच्या सिगारेटी मला वाटत होत्या तेवढ्या घट्ट नाहीत. सोबत कोणी उठलं म्हणून उठायचं, इतकंच. सकाळची पहिली मात्र उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागतेच. आणि खरी गर्दी रात्री साडेनऊनंतर. लेक झोपली की बाल्कनीत, एकामागून एक.

त्या रात्रीच्या ओळींपुढे 'आधी काय घडलं' या रकान्यात मी जवळजवळ सारखंच लिहिलंय : दिवा मालवला, दप्तर भरलं, भांडी आवरली. म्हणजे ही सिगारेट रागाची नाही, दुःखाचीही नाही. ती कामाची पाळी संपल्याची आहे. दिवसभरात 'तू बस आता, मी बघतो' असं म्हणणारं घरात कोणी नाही. ते सांगायचं काम सिगारेट करते. नुसती सिगारेट काढून घेतली तर दिवस संपल्याचं मला कोण सांगणार, हा या प्रकल्पातला खरा प्रश्न आहे असं आज पहिल्यांदा लक्षात आलं.

२० जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "उठल्यावर पहिली किती वेळात ओढता?" स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांनी १९७८मध्ये निकोटिनवरचं अवलंबन मोजायची जी प्रश्नावली तयार केली, तिच्यातलाच हा प्रश्न. दिवसाला किती ओढता, यापेक्षाही पहिली किती लवकर लागते यावरून शरीर किती अडकलंय ते जास्त कळतं. निकोटिनचा रक्तातला अंश साधारण दोन तासांत निम्म्यावर येतो. रात्रभराच्या झोपेत तो तळाला जातो, म्हणून सकाळची तलफ सगळ्यात जोरकस.

ठरलं ते असं : त्वचेवर चिकटवायचा २१ मिलिग्रॅम निकोटिनचा पॅच रोज सकाळी, आणि मधल्या तलफांसाठी निकोटिनचा चघळायचा गम. पॅच मंद पाया धरतो, गम वेळेला धावून येतो. एकट्या पॅचपेक्षा ही जोडी जास्त कामाची ठरते. गोळ्यांचेही पर्याय त्यांनी सांगितले. त्यातल्या एकीने विचित्र स्वप्नं पडू शकतात म्हणाले. रात्री उठून मुलीकडे बघावं लागतं, झोप आधीच तुटकी आहे, म्हणून पॅचच बरा.

गम चावायची पद्धत वेगळी आहे आणि ती नीट कळली नाही तर माणूस 'याने काही होत नाही' म्हणून सोडून देतो. सतत चघळायचा नाही. चव तिखटसर लागेपर्यंत, जीभ चुणचुणेपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, पुन्हा ठेवायचा. साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून जायला हवं, गिळलं तर नुसती उचकी आणि पोटात जळजळ. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा-कॉफी, फळांचा रस काही नाही, कारण आंबट झालेल्या तोंडात ते शोषलं जात नाही.

या गमचा जन्म पाणबुडीतल्या लोकांमुळे झाला, हे वाचून बरं वाटलं. साठच्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांना दिसलं की पाणबुडीत ओढता येत नाही म्हणून खलाशी तोंडात तंबाखू धरून भागवतात. त्यावरून ओव्हे फर्नो यांनी गम तयार केला. जागा सोडून बाहेर जाता येत नाही अशा माणसांसाठी शोधलेली वस्तू आहे ही. झोपलेल्या मुलीला घरात एकटं ठेवून मलाही कुठे जाता येत नाही.

एक सूचना डॉक्टरांनी दोनदा दिली. गम आणि पॅच मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटिन उरलेलं असतं आणि लहान मुलाला ते विषारी आहे. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि झाकणाच्या डब्यात टाकायचा. आज कपाटाच्या वरच्या खणाला कुलूप बसवलं.

२५ जानेवारी, रविवार

मुलीशी बोललो. याची तयारी मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त केली होती.

सांगायचं ते तीन वाक्यांत सांगितलं. बाबा सिगारेट सोडतोय. काही दिवस बाबा चिडचिडा होईल. ती चिडचिड तुझ्यामुळे नसेल, कधीच नसेल.

ती लगेच म्हणाली, "मी तक्ता करते. ज्या दिवशी नाही ओढलीस त्या दिवशी चांदणी." मी नको म्हटलं. तिचा चेहरा उतरला, पण या एका बाबतीत मी ठाम आहे. तक्ता तिच्या हातात गेला की पहारा तिच्याकडे जातो. उद्या मी ओढलीच, तर आपण नीट लक्ष ठेवलं नाही असं तिला वाटेल, किंवा मी तिच्यापासून लपवीन. दोन्ही वाईट. जिची आई गेलीय त्या मुलीच्या डोक्यावर बापाची तब्येत राखायचं ओझं ठेवायचं नाही. मोठी माणसं अभिमानाने 'मुलासाठी सोडली' म्हणतात, त्यामागचं प्रेम मला कळतं. पण ते मुलाला ऐकवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

"मग माझं काम काय?"

"तुझं काहीच काम नाही. हे बाबाचं काम आहे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ओढल्यावर माणूस मरतो का?" मी म्हटलं, "ओढत राहिलं तर आजारी पडायची शक्यता खूप वाढते. थांबलं की ती कमी होत जाते. म्हणून थांबतोय." ती 'बरं' म्हणून चित्र काढायला गेली. खोटं आश्वासन दिलं नाही आणि घाबरवलंही नाही. याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

साफसफाईचा दिवस. बाल्कनीचं दार लावून ओढलं की धूर बाहेर जातो अशी समजूत असते. धुरातले कण कपड्यांना, केसांना, पडद्यांना, भिंतींना चिकटतात आणि नंतर कित्येक दिवस तिथून हवेत येत राहतात. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, श्वासनलिका अरुंद असतात, आणि ती आपल्याला येऊन बिलगतात. दुसऱ्याच्या धुराचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या, २००६च्या अहवालात स्पष्ट म्हटलेलं आहे. कानाचे संसर्ग, दमा, छातीचे आजार, हे सगळं अशा घरांतल्या मुलांना जास्त होतं.

बाल्कनीच्या सरकत्या दाराची खालची खाच टोकदार काडीने साफ केली. राख तिथे ओल धरून थराने बसली होती, ओल्या मातीसारखी निघाली. मग काच. बाहेरून पुसली तर फडकं धुळीने काळं झालं, ते अपेक्षितच होतं. आतून पुसली तेव्हा फडकं पिवळट तपकिरी झालं आणि हाताला चिकट लागलं. आतली बाजू म्हणजे घरातली. त्या काचेला नाक लावून लेक पाऊस बघते. हे फडकं मी फेकून दिलं आणि पडदे लगेच धुवायला काढले.

लायटर, राखदाणी, कोटाच्या खिशातलं उरलेलं पाकीट, सगळं बाहेर.

२ फेब्रुवारी, सोमवार

सुरुवात. पॅच उजव्या दंडावर. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सोमवार का निवडला ते लिहून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. सुट्टी धरून सुरुवात करा असा सल्ला सर्रास दिला जातो. निकोटिन बंद झालं की त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जातो आणि मग तीन-चार आठवड्यांत उतरत जातो. शुक्रवारी रात्री सोडली असती तर ते टोक रविवारी आलं असतं, म्हणजे लेक दिवसभर घरात असताना, आणि मला बाजूला व्हायला जागा नसताना. सोमवारी सुरू केल्यावर ते बुधवारी येतं. आज मी रजा घेतली, ती शाळेत. घर रिकामं. ज्याच्या घरी दुसरं मोठं माणूस आहे त्याला याची गरज नाही. एकट्या पालकाने मात्र कॅलेंडर असंच उलटं लावावं.

तरी सकाळचा एक तास होताच. एक बूट सापडेना. ती शांतपणे पलंगाखाली बघत होती आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, जबडा आवळला, बोटं आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेली. आवाज चढायच्या आत मी म्हटलं, "बाबाला पाच मिनिटं हवीत," आणि बाथरूममध्ये जाऊन मनगटांवर गार पाणी सोडलं. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते, मग ओढा किंवा ओढू नका. ती अंगात कुठे आहे ते बघत राहायचं, तिच्याशी झटायचं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट ही पद्धत शिकवत. बाहेर आलो तेव्हा दोन्ही बूट तिच्या पायांत होते.

'पाच मिनिटं हवीत' हे वाक्य आम्ही आधी ठरवून ठेवलं होतं. त्याचा अर्थ तिला माहीत आहे : बाबा रागावलेला नाही, परत येणार आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

हात थरथरणं, छातीत धडधड, रात्री दोनला टक्क जाग. मी हे सगळं सिगारेट सोडल्याच्या खात्यावर टाकत होतो. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "कॉफी किती?" तेव्हा उलगडा झाला. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन नेहमीपेक्षा भरभर जाळतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो, आणि तीच कॉफी रक्तात जवळपास दुपटीने साचू शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून पॅच लावूनही तो थांबत नाही. चहा-कॉफी निम्म्यावर आणली, दुपारी तीननंतर अजिबात नाही. पॅचही आता झोपताना काढून ठेवतो.

हे आधीच ठाऊक असतं तर लोक किती तरी कमी घाबरतील. सुरुवातीची अस्वस्थता बघून 'मला सोडणं झेपत नाही' म्हणणाऱ्यांत कॉफीने हैराण झालेले पुष्कळ असतील.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पिणं बंद केलं. एकाच वेळी दोन गोष्टी नकोत असं ठरवलं होतं, पण दोघांची गाठ फारच पक्की निघाली. पोटात थोडी गेली की पहिला हात लायटरकडे, आणि 'एकीने काय होतंय' हे वाक्य खरं वाटायला लागतं. सोडलेली सिगारेट परत सुरू होण्यात दारूचा वाटा फार मोठा असतो.

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दारूला १९८८मध्येच कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. माझ्यापुरतं कारण त्याहून जवळचं आहे. रात्री अकराला मुलीचा ताप चढला तर गाडी मीच चालवायची, औषधाचा डोस मीच मोजायचा. घरात दुसरं शुद्धीवर असलेलं माणूस नाही. हे एकदा स्वच्छ शब्दांत लिहून काढल्यावर मला स्वतःशी फार वाद घालावा लागला नाही.

रोज पिणाऱ्याने मात्र असं एकदम थांबू नये. त्यात झटके येण्याइतका धोका असतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं काम आहे ते.

८ मार्च, रविवार

साडेनऊचा प्रश्न. पाच आठवडे याच्याशी झुंज चालू आहे आणि याबद्दल लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

आधी पुस्तक हातात घेऊन बघितलं. दोन पानांत फोन हातात. व्यायामही करून बघितला, अंग गरम झालं आणि झोप उडाली. लवकर झोपायचं ठरवलं तर मनाला ते कबूल होईना, कारण दिवसभरात माझा स्वतःचा असा तेवढाच तास असतो आणि तो झोपेत घालवणं म्हणजे तो गमावणं वाटतं. हीच भावना मला मध्यरात्रीपर्यंत फोनवर बसवते. हा आळस नाही आणि हलगर्जीही नाही. दिवसभर दुसऱ्यासाठी राबणाऱ्या माणसाला थोडी स्वतःची वेळ हवी असते, आणि ती त्याला हवी असणं अगदी रास्त आहे.

म्हणून तो तास काढून टाकायचा विचार सोडला. ताईला सांगितलं. ती दुसऱ्या गावात असते, येऊन-जाऊन करणं शक्य नाही. ती म्हणाली, "रोज पावणेदहाला मी फोन करते. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी माझं सांगत बसेन." ती सांगते. शेजारीण, गुडघा, भाच्याची नोकरी. मी बाल्कनीत उभा राहून ऐकतो, हातात गार पाण्याचा पेला. शेवटी ती म्हणते, "झालं ना आजचं? झोप आता." बस, एवढंच. पण हे एका मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाला म्हटलेलं असतं, आणि दिवसभरात माझ्या वाट्याला येणारं तसं हे एकच वाक्य आहे.

फोन ठेवला की तो स्वयंपाकघरात चार्जिंगला जातो, झोपायच्या खोलीत येत नाही. गजरासाठी साधं घड्याळ घेतलं. आता साडेदहा-अकराच्या सुमारास झोपतो.

माझा जानेवारीतला अंदाज अर्धाच खरा होता. फोनची सवय सिगारेटच्या आधाराने उभी नव्हती. दोघीही एकटेपणाच्या आधाराने उभ्या होत्या.

१७ मार्च, मंगळवार

पॅच कालपासून १४ मिलिग्रॅमवर. खोकला वाढलाय, विशेषतः सकाळी. फुप्फुसातले सूक्ष्म केस पुन्हा काम करायला लागले की साचलेला कफ वर ढकलतात, त्याचा हा खोकला. रक्त पडलं किंवा लांबला तर दाखवायचं. वजन थोडं वाढलं, तेही अपेक्षित. पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणं सर्वसाधारण आहे. त्याची काळजी नंतर.

५ एप्रिल, रविवार

आज एक आकडा वहीत उतरवून घेतला. ब्रिटनमध्ये १९५१ साली डॉक्टरांच्याच सवयींचा अभ्यास सुरू झाला, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पन्नास वर्षं चालवला आणि २००४मध्ये निष्कर्ष मांडले. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ.

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. सरासरी म्हणजे वचन नव्हे, हे मला कळतं. तरी मी कागदावर लेकीचं वय मांडून बघितलं. त्या नऊ वर्षांत ती आज मी आहे त्या वयाच्या आसपास असेल. त्या वयात आपल्यामागे एक मोठं माणूस असणं म्हणजे काय, ते मला चांगलंच ठाऊक आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

७ मिलिग्रॅमचे पॅचही काल संपले. गम खिशात आहे, क्वचित लागतो.

शनिवारपासून लेक आठवडाभर ताईकडे. सगळ्यात मोठी जोखीम हीच. ती घरात असताना मला फारसं आवरावं लागत नाही, माझ्या सवयी वाढल्याच ती बघत नसताना. रिकाम्या घरासाठी 'जर-तर'चा कागद केला. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातला मुद्दा असा की 'मी ओढणार नाही' या निश्चयापेक्षा 'अमुक झालं तर तमुक करीन' असं नेमकं ठरवलेलं जास्त पार पडतं. कामावरून आल्यावर घर खायला उठलं तर : कपडे बदलून लगेच चालायला बाहेर. मित्राने बसायला बोलावलं तर : जेवायला येतो, प्यायला नाही. आणि शेवटची ओळ : एक ओढली गेलीच, तर त्याच रात्री ताईला सांगायचं आणि पाकीट पाण्यात. एक ओढल्यावर 'आता सगळं संपलंच' या विचाराने जितकी माणसं परत फिरतात, तितकी त्या एका सिगारेटमुळे फिरत नाहीत.

२६ एप्रिल, रविवार

आठवडा निभावला, ओढली नाही.

बुधवारची संध्याकाळ जड गेली. दार उघडलं तर आतून काहीच आवाज नाही. बूट न काढता तसाच परत फिरलो आणि अंधार पडेपर्यंत चालत राहिलो. पावणेदहाला फोन आला तो ताईच्या नंबरावरून, पण बोलत लेक होती. आत्याचा मुलगा पत्ते खेळताना लबाडी करतो अशी तक्रार. तिने सिगारेटचा विषय काढला नाही. तिच्या मनातही तो नव्हता, आणि जानेवारीत तिच्याशी बोलताना मला नेमकं हेच हवं होतं.

लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. रात्री अकराची झोप मला अजून ठरवून घ्यावी लागते, म्हणजे ती सवय झालेली नाही. ते काम चालू राहील.

पुढची कामं : गम हळूहळू बंद, दातांच्या डॉक्टरांची वेळ, आणि वजन. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये आहे. ते आठ-दहा दिवस पावणेदहाचा फोन इकडून जाईल.